साडेतीन काळ्या ओळी

शाळेच्या मागच्या लोखंडी जिन्याचा कठडा मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, मधल्या सुट्टीची घंटा होताच, निखळला. कोणी दगावलं नाही, त्यामुळे पुढील कार्यवाही घाईघाईने करण्याचं कारण उरलं नाही. एका मुलीचा डावा हात मोडला. ही बाब शाळेच्या नोंदवहीत 'किरकोळ' या सदरात घेण्यात आली, कारण मुलगी उजव्या हाताने लिहीत होती.

मुलगी चौथीत होती. तिला घरीदारी सगळे खार म्हणत; जन्मात ती पायऱ्या कधी एकेक करून चढली नव्हती. तिची आई कपडे शिवायची आणि वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दोघांचं दुकान एकच, खोली एकच, मधे पडदा. पडद्याच्या या बाजूला शिवणयंत्राची खडखड आणि त्या बाजूला पंचवीस घड्याळांची टिकटिक. एकमेकांशी बोलायचं तर दोघांनाही आवाज चढवावा लागे, म्हणून ती दोघं फारशी भांडत नसत.

महिनाभर जिना बंद राहिला. चौथीचा वर्ग तेवढ्यापुरता तळमजल्यावर खेळाच्या सामानाच्या खोलीत भरला. मग शाळेच्या फाटकावर सूचना लागली : 'मागील जिन्याची तपासणी करण्यात आली आहे. येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून जिना पूर्ववत वापरात येईल.'

शिवणवाल्या बाई सूचना दोनदा वाचून मुख्याध्यापिकांकडे गेल्या.

"तपासणीत काय निघालं?"

"तपासणी झाली, असं निघालं."

"तसं नाही. जिना धड आहे का? चौथीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर, आणि तिकडे जायला दुसरा रस्ता नाही."

"ते सगळं अहवालात आहे. अहवाल अभिलेख कार्यालयात गेला. आमच्याकडे त्याची पोच आहे." मुख्याध्यापिकांनी खण उघडला. "पोच दाखवू?"

बाईंनी पोच बघितली. पोच अगदी व्यवस्थित होती.

अभिलेख कार्यालयाच्या दारावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : 'येथे काहीही लपवले जात नाही.' हे दुधी काचेवर लिहिलेलं असल्याने आतले लोक सावल्यांसारखे दिसत. अर्ज पाच पानी होता. नाव, वय, पत्ता हे तर आलंच. पुढे उंची, वजन, जुने आजार, घरात माणसं किती आणि अर्जदार घरी किंवा दुकानात एकटी कोणत्या वेळेत असते, हेही विचारलं होतं. माणूस देवापुढे हात जोडतानाही इतकं खरं सांगत नाही. बाईंनी सगळं खरं लिहिलं. घड्याळजी दुपारी दोन ते चार मोठ्या घड्याळांच्या दुरुस्तीला बाहेर जात, तेही लिहिलं.

त्याच संध्याकाळी ती पाचही पानं कार्यालयाबाहेरच्या रस्त्याकडेच्या फलकावर टाचण्यांनी लावली गेली. कोण काय मागतंय हे जनतेला कळलं पाहिजे, असा नियम होता.

चार दिवसांत वजन कमी करायची भुकटी विकणारी एक बाई आली, विम्याचे दोन एजंट आले, आणि तिसऱ्या दिवशी बरोबर सव्वादोन वाजता एक गृहस्थ शर्टाला बटण लावून घ्यायला आला. त्याच्या शर्टाची सगळी बटणं जागेवर होती. बाईंनी हातातली मोठी कात्री खाली न ठेवता विचारलं, "कोणतं तुटलंय?" तेव्हा त्याला दुसरं काम आठवलं. त्या दिवसापासून घड्याळजी दुपारी बाहेर जाईनासे झाले आणि बाईंनी कानाला खडा लावला : यापुढे कुठल्याही कागदाला आपली माहिती म्हणून द्यायची नाही.

अर्जाचं उत्तर मुदतीत आलं. नकार होता. बाई माहिती अधिकाऱ्यांसमोर जाऊन बसल्या. साहेब नीटनेटके होते. टेबलावर एकही कागद उघडा नव्हता. जे असेल ते उपडं ठेवलेलं.

"नकार कशासाठी, साहेब?"

"कलम नऊ. खासगीपणाचा अपवाद."

"जिन्याचा खासगीपणा?"

"जिन्याचा कसा असेल, बाई? आम्ही काय वेडे आहोत?" साहेब मायेने हसले. "जिन्यावरून मुलं जातात. म्हणजे अहवालात मुलांच्या जाण्यायेण्याची माहिती आली. मुलांची माहिती सगळ्यात नाजूक."

"त्यातली एक माझी आहे हो."

"म्हणून तर! तुमच्या मुलीची माहिती आम्ही जगात कोणालाही देणार नाही. आई म्हणून तुम्हाला बरं वाटायला हवं."

बाईंना बरं वाटलं नाही. तशी नोंद फाइलवर घेण्यात आली.

अपिलाची सोय होती. अपील ऐकणारा अधिकारी निराळा असावा असा नियम होता आणि कार्यालयात अधिकारी एकच होता. म्हणून साहेब उठले, टेबलाला वळसा घालून पलीकडच्या उंच पाठीच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा लावला. तिथून पाहिल्यावर आधीच्या अधिकाऱ्याचा निर्णय त्यांना अगदीच कठोर वाटला.

"नागरिकाला असं हात हलवत परत पाठवणं योग्य नाही," ते म्हणाले. "अहवाल द्या. फक्त खासगी तेवढं झाका."

झाकण्याचं काम शाईकाकांकडे होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर पट्टी, बोरू आणि काळ्या शाईच्या तीन बाटल्या घेऊन ते तीस वर्षं बसत होते. कागद उजेडात धरला, मागून दिवा लावला, पाण्यात बुडवला तरी त्यांच्या काळ्या पट्टीखालचं अक्षर दिसत नसे. याबद्दल त्यांना दोनदा प्रशस्तिपत्र मिळालं होतं. कोणत्या मजकुराबद्दल, ते प्रशस्तिपत्रात झाकलेलं होतं.

बाईंना अकरा पानं मिळाली. त्यांत 'आणि', 'तथापि', 'वरीलप्रमाणे' असे सतरा शब्द आणि सगळे पृष्ठक्रमांक वाचता येत होते. एक छायाचित्रही होतं. जिन्याचं. गुन्हेगाराच्या डोळ्यांवर मारतात तशी आडवी काळी पट्टी जिन्याच्या मधल्या चार पायऱ्यांवर मारलेली होती.

दुसरी कोणी असती तर ती पानं रद्दीत गेली असती. पण बाईंचं सगळं आयुष्य कापडावरून न दिसणाऱ्या माणसाचं माप ओळखण्यात गेलं होतं. त्यांनी अकरा पानं कापड बेतायच्या टेबलावर पसरली, गळ्यातला टेप काढला आणि काळ्या पट्ट्या मोजायला घेतल्या.

"काय मोजतेस?" पडद्यापलीकडून आवाज आला.

"अहो, जिना ठीक आहे, एवढं लिहायला किती जागा लागते?"

घड्याळजींनी डोळ्याचं भिंग न काढता विचार केला. "बोटभर. फार तर दीड बोट."

"शेवटच्या पानावर वर 'निष्कर्ष' लिहिलंय. त्याच्याखाली साडेतीन ओळी काळ्या आहेत."

घड्याळजींनी भिंग काढलं. पडदा सारून ते आले आणि त्यांनी त्या काळ्या ओळींवर आडवं बोट ठेवून पाहिलं.

"चांगली बातमी साडेतीन ओळींत कोणी लिहीत नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाई कार्यालयात पोचल्या तेव्हा दार उघडायचं होतं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते हादरले. जिन्यामुळे नव्हे, पट्टीमुळे.

"तुम्ही टेप लावलात? सरकारी शाईला?"

"साहेब, सोमवार दहा दिवसांवर आलाय."

"म्हणजे झाकलेल्या गोष्टीवरूनसुद्धा लोकांना काही कळू शकतं." साहेबांनी तिथल्या तिथे आदेश काढला की यापुढे पट्टी लांबीप्रमाणे न मारता सबंध पान एकसारखं काळं करावं. बाईंची अकरा पानं गैरवापराच्या कारणाखाली परत घेण्यात आली. कोपऱ्यात शाईकाकांचे डोळे पाण्याने भरले होते.

"तीस वर्षांत माझ्या पट्टीतून कोणी काही वाचलं नव्हतं हो, ताई," ते म्हणाले. "निदान मला तोंडावर सांगायचं नव्हतंत."

"काका, तुम्ही खालचं वाचलं असेलच ना? मारण्याआधी?"

"छे! आम्ही वाचत नाही. वाचलं तर हात थरथरतो. पट्टी सरळ येत नाही."

बाई पुन्हा साहेबांकडे वळल्या. "आणि जिना पडला तर?"

"पडला तर ती घटना होईल. घटनेची माहिती आम्ही त्याच दिवशी देतो. आमची अडचण आहे ती पडण्याआधीच्या माहितीची."

मग साहेबांना दया आली. ते पुन्हा उंच पाठीच्या खुर्चीत जाऊन बसले. "एक वाट आहे. त्या अहवालात ज्यांची ज्यांची माहिती आली असेल त्या सगळ्यांनी ना-हरकत दिली, तर पूर्ण अहवाल देता येईल. एकाने जरी हरकत घेतली तरी विषय संपला."

"कोणाची माहिती आहे त्यात?"

"ते सांगता येत नाही."

"मी जाऊन विचारते ना त्यांना. पाया पडते."

"तुम्ही कोण हे त्यांना कळता कामा नये आणि ते कोण हे तुम्हाला. आम्ही आमच्या पद्धतीने विचारू. आठवड्याने या."

"पण माझं नाव तर बाहेर फलकावर लावलंय तुम्ही!"

"फलक कोणी वाचत नाही, बाई. म्हणून तर तो सुरक्षित."

बाई हलक्या मनाने परतल्या. शाळेची माणसं, पोरांचे आईबाप असणार. नाही कोण म्हणेल?

मंगळवारी दुपारी त्या एका पांढऱ्या कोटाच्या कापडावर निळ्या खडूने खुणा करत होत्या तेव्हा टपाल आलं. हात निळे झालेले, म्हणून लिफाफा घड्याळजींनी फोडला.

"अभिलेख कार्यालयाचं आहे. 'एका व्यक्तीने, नाव गोपनीय, आपल्याविषयीची माहिती असलेला अभिलेख मागितला आहे. अभिलेखाचे स्वरूप गोपनीय आहे. माहिती देण्यास आपली हरकत आहे काय?' खाली दोन चौकटी आहेत."

"माझी माहिती? कोणाला हवी?"

"लिहिलं नाहीये."

"कसली माहिती?"

"तेही नाही."

बाईंच्या डोळ्यांपुढे बटणवाला उभा राहिला. सोमवारच्या जिन्याचा त्या पत्राशी काही संबंध असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. अहवाल मागणारी आपण. आपण त्यात कशाला असू?

"द्या इकडे," त्या म्हणाल्या आणि 'हरकत आहे' या चौकटीत त्यांनी पेन असं दाबलं की कागदाला पलीकडून फोड आला. "लोकांना दुसऱ्याच्या घरात डोकवायची भारी हौस." पत्र त्या स्वतः पेटीत टाकून आल्या.

त्याच संध्याकाळी दाताच्या डॉक्टरीणबाई झगा घट्ट होतो म्हणून आल्या. त्यांची जुळी मुलं खारीच्याच वर्गात होती.

"तुम्हाला आलं का हो ते पत्र? कोणीतरी आपली चौकशी करतंय."

"आलं ना. मी दिली हरकत ठोकून."

"मीसुद्धा. वाचलं आणि लगेच. काय तरी जग आलंय!"

"हात वर करा. काखेत सोडावा लागेल थोडा," बाई म्हणाल्या, आणि दोघींना बऱ्याच दिवसांनी कोणाशी तरी मनातलं बोलल्यासारखं वाटलं.

आठवड्याने साहेबांनी फाइल उघडली. चेहरा पडलेला होता. या कामासाठी तो त्यांनी पाडलेला असावा. "एक्केचाळीस जणांना पत्रं गेली. एक्केचाळीस उत्तरं आली. शंभर टक्के प्रतिसाद! असा प्रतिसाद निवडणुकीतसुद्धा मिळत नाही."

"मग?"

"एक्केचाळीस हरकती."

बाई कार्यालयात हळू आवाजातच बोलत. त्यांचा आवाज दुधी काचेबाहेर गेल्याचं कोणी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी तो फलकापर्यंत गेला. "पोरं यांचीच चढणार त्या जिन्यावर! आणि यांना काय झाकायचं होतं? कसली माणसं म्हणायची ही? पोटच्या पोरापेक्षा स्वतःचं नाव जड झालं? असल्यांना देव..." पुढचं त्यांनी गिळलं, वाईट बोलायचं नाही असा त्यांचा नेम होता.

"अगदी खरंय," साहेब म्हणाले आणि पुरावा म्हणून त्यांनी हरकतपत्रांचा गठ्ठा अंगठ्याने फर्रकन चाळून दाखवला. नावं दिसू नयेत म्हणून तो उलटा धरला होता. गठ्ठ्याच्या मध्यावर एका कागदाच्या कोपऱ्यात निळ्या खडूचा अंगठा उमटलेला होता.

बाईंनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"साहेब, ते... ते माझं आहे."

"काय?"

"ती निळी खूण. ते पत्र मीच भरलंय. ती हरकत माझी."

"जखमी मुलीची पालक म्हणून पत्र गेलं असेलही, किंवा नसेलही."

"मी हरकत मागे घेते."

साहेबांनी गठ्ठा झटकन बंद केला. "कोणाची हरकत?"

"माझी!"

"हरकत घेणारी व्यक्ती कोण, हे अर्जदाराला कळता कामा नये. तुम्हाला कसं कळलं? ही तर माहितीची गळती झाली. चौकशी लावावी लागेल." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही नका त्रास करून घेऊ. त्या व्यक्तीलाही काही कारण असेल. आपण तिच्या जागी असतो तर आपणही तेच केलं असतं."

रविवारी बाईंनी मशीनवर कापड घातलं ते उलटं. खार शेजारी बसून गळ्यातल्या झोळीत अडकवलेल्या हाताची बोटं हलवत होती.

"आई, उद्या वर जायचं?"

"बघू."

"मला येतं. अकरावरून तेरावर उडी मारायची."

मशीन थांबलं. "काय?"

"बारावी पायरी 'कट्ट' वाजते. खाली एका बाजूने सुटलीय. आम्ही सगळेच उडी मारतो. त्या दिवशी उडी मारताना मी कठडा धरला तर तो हातातच आला."

"अगं, मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंच नाहीस," खार म्हणाली. "तू ऑफिसात विचारत होतीस."

सोमवारी शाळा भरायच्या अर्धा तास आधी बाई जिन्याशी पोचल्या. नवा कठडा चकचकीत होता. त्याला रंग दिलेला होता. त्या अकराव्या पायरीपर्यंत चढल्या आणि वरच्या पायरीवर त्यांनी निळ्या खडूने दोन काटकोनी रेघा मारल्या, कापडाचा कुजका भाग कापून टाकायचा असतो तिथे मारतात तशा. मग खाली येऊन पहिल्या पायरीवर त्या आडव्या बसल्या. चौथीचा वर्ग गोळा झाला. आईबाप गोळा झाले. मुख्याध्यापिका आल्या, त्यांनी खूण बघितली आणि अभिलेख कार्यालयात फोन केला.

अहवालाला जे सात आठवड्यांत जमलं नव्हतं ते अठरा मिनिटांत झालं. साहेब जातीने आले, मागे शाईची बाटली घेऊन शाईकाका.

"ही खूण," साहेब गर्दीला म्हणाले, "गोपनीय अहवालातल्या छायाचित्राशी तंतोतंत जुळते. हे बेकायदा प्रकटन आहे. काका, झाका."

"काका, जाऊ नका," बाई म्हणाल्या. "ती पायरी सुटलीय."

"ते अहवालात असेल तर मी ऐकलं नाही, ताई," शाईकाका म्हणाले आणि बाईंना सांभाळून ओलांडून वर चढले. अकराव्या पायरीवरून त्यांचा हात नीट पोचेना. पट्टी तिरकी आली असती. म्हणून त्यांनी एक पाय बाराव्या पायरीवर ठेवला.

चौथीचा सबंध वर्ग एका सुरात म्हणाला, "कट्ट."

काका मांडीपर्यंत आत गेले. बाटली खाली आली आणि साहेबांच्या सदऱ्यावर फुटली. त्यांची छाती पूर्णपणे झाकली गेली.

आता ही घटना झाली होती, त्यामुळे कार्यालयाने त्याच दिवशी माहिती दिली. जिना बंद करण्यात आला. जखमी कर्मचाऱ्याचं नाव खासगीपणाच्या कारणास्तव जाहीर करण्यात आलं नाही. चौथीचा वर्ग पुन्हा सामानाच्या खोलीत आला आणि नव्याने तपासणी झाली.

पाय प्लॅस्टरमध्ये घेऊन पडलेल्या शाईकाकांना तीस वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी वाचावंसं वाटलं. त्या साडेतीन ओळी. आपल्याला वर पाठवताना त्या कोणी वाचल्या होत्या का, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी पाच पानी अर्ज भरला. त्यांचं वजन, त्यांचा रक्तदाब आणि दवाखान्यात ते एकटे कधी असतात ती वेळ फलकावर लागली. साहेबांनी नकार दिला, मग खुर्ची बदलली, मग हळहळ व्यक्त केली आणि त्या दिवशी जिन्याशी हजर असलेल्या सगळ्यांना पत्रं धाडली.

एक पत्र शिवणवाल्या बाईंना आलं. नाव गोपनीय, स्वरूप गोपनीय, खाली दोन चौकटी. त्यांनी हात स्वच्छ धुतले, पदराला पुसले आणि 'हरकत नाही' या चौकटीत खूण केली. सत्तर पत्रांपैकी अशी खूण असलेलं ते एकटंच निघालं.

तसंच एक पत्र मागे कधीतरी तुम्हालाही आलं होतं. तुम्ही ते उभ्याउभ्याच वाचलंत आणि एका चौकटीत खूण करून परत पाठवलंत. कोणत्या, ते विचारत नाही. ती तुमची खासगी बाब आहे.